आमचं की आपलं

अवघड शब्द आदल्या रात्री पाठ करता येतात. दुभाष्याचं अडतं ते रशियनमधल्या 'ऊ नास'पाशी. आमच्याकडे आणि आपल्याकडे, रशियनला दोन्ही एकच. मराठीत मात्र निवड करावी लागते, तीही बोलणाऱ्यानं पुढचा श्वास घेईपर्यंत.

पुण्याच्या निवृत्त मंडळींचा गट होता. टूरवाल्यांनी मॉस्कोतल्या अख्ख्या व्हेदेन्खाला, म्हणजे सोव्हिएत काळातल्या भल्यामोठ्या प्रदर्शन-उद्यानाला, दोन तास दिलेले, त्यातला एक फोटोत गेला. तिथल्या कारंज्यात सोव्हिएत संघाच्या प्रत्येक प्रजासत्ताकाची एक सोनेरी बाई उभी आहे. एका काकांनी त्या मोजल्या. "सोळा? आम्ही तर पंधरा प्रजासत्ताकं शिकलो." काकांचं बरोबर होतं. कारंजं 1954चं, आणि सोळावं, कारेलो-फिनिश, 1956मध्ये रशियात विलीन झालं. बाई तेवढी राहिली. मधल्या सोनेरी पेंढीत गहू, सूर्यफूल आणि चक्क भांग आहे, हे मी उगाच सांगितलं. पुढची पाच मिनिटं त्यातच गेली.

अंतराळाच्या दालनात साठीपुढच्या एक गाइड होत्या. राकेश शर्मा, 1984, सोयुझ टी-11 म्हणताच गटाच्या माना ताठ. ते यान उडालं तो बायकोनूरचा तळ आज कझाकस्तानात आहे, हेही त्यांनीच सांगितलं. मग घुमटाकडे बघत म्हणाल्या, नव्वदच्या दशकात इथे बी-बियाणं आणि रोपं विकत. आणि त्याच सुरात एक वाक्य. मी केलं, "आमच्याकडे भविष्य होतं."

"म्हणजे कुंडलीबिंडली?" काका. सगळे हसले, बाईही हसल्या, कशाला ते न कळता. घाईनं मी 'उज्ज्वल भविष्यकाळ' अशी दुरुस्ती केली. ती अजूनच वाईट. सत्काराच्या शालीबरोबर देतात तसली.

पुढे सत्तावन्न क्रमांकाचं दालन, 'रशिया: माझा इतिहास'. 2013मध्ये मॉस्कोच्या मानेझ प्रदर्शन-सभागृहात रशियन चर्चच्या पुढाकारानं भरू लागलेल्या प्रदर्शनांतून हे उभं राहिलं. रुरिक या आद्य राजापासून आजपर्यंत नुसते पडदे, खरी वस्तू जवळजवळ नाहीच. इतिहास शिकवायचा की दिपवायचा, हे एकदा ठरवा. तिथलं वैभव सगळं मागे, आणि पुढे जायचं ते त्याच्याच दिशेनं. पडद्यावर आम्ही आणि आपण यांना रशियनमध्ये एकच शब्द; त्या प्रत्येकाचं मी बेधडक 'आम्ही' केलं. पाहुण्यांना त्यात जागा नव्हतीच.

चहाला गाइडबाई भेटल्या. म्हणाल्या, मी मूळची युक्रेनमधल्या खारकिवची, सतरा वर्षांची असताना शिकायला इथे आले. हातातला बिस्किटाचा पुडा त्यांनी माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "तेव्हा का हसले सगळे?" 'भविष्य'ची गंमत मी समजावली. 'आमच्याकडे'बद्दल बोलले नाही.

मेट्रोत ते वाक्य परत परत आठवत राहिलं. मी 'आमच्याकडे' म्हटलं, म्हणजे रशियाकडे. शर्मांचं नाव घेऊन दोन मिनिटंही झाली नव्हती. त्या कदाचित कारंज्यातल्या सोळाहीजणींना आणि समोरच्या पुणेकरांना धरून म्हणत असतील. महिन्याभरानं दुसरा गट घेऊन गेले, मुद्दाम त्यांच्याच फेरीला. शर्मा झाले, बी-बियाणं झालं. ते वाक्य त्या बोलल्याच नाहीत.