१.०२० ला अडकून बसलेली माझी पहिली लागर

घरी बिअर बनवायच्या किटच्या डब्याच्या झाकणाखाली यीस्टची पुडी असते ना, ती लागरची (म्हणजे गारव्यात आंबवायच्या बिअरची) असेलच असं अजिबात समजू नका. माझ्या डब्यावर मोठ्या अक्षरात लागर लिहिलेलं आणि आतल्या पत्रकात तापमान काय तर म्हणे २१ ते २७ डिग्री! लागरचं यीस्ट खरं तर ८ ते १३ डिग्रीच्या गारव्यात निवांत काम करणारं, म्हणजे पुडीत होतं ते एलचं, उबेत आंबणाऱ्या बिअरचं. पत्रकात आणखी लिहिलेलं की ६ दिवसांत बाटल्या भरा. हे लिहिणाऱ्याला एकदा भेटायचंय मला.

नशीब की हे आधी कळलं, म्हणून खऱ्या लागर यीस्टची ११.५ ग्रॅमची पुडी वेगळी आणली. एकच आणली, आणि तिथेच माती खाल्ली. २३ लिटरला एवढ्या थंडीत दोन पुड्या लागतात.

बाकी किटचं काम सोपं आहे, सिरप आधीच उकळलेलं, हॉप्सही (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) त्यातच, गरम पाण्यात विरघळवा, गार पाणी घालून २३ लिटर करा, झालं. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर आंबत जाते तशी ती उतरते) १.०४६ आली. फर्मेंटर, म्हणजे आंबवायची बादली, फ्रिजमध्ये, बाहेरून तापमानाचा कंट्रोलर लावून १० डिग्रीवर. फ्रिजचा स्वतःचा थर्मोस्टॅट एवढ्या वर येतच नाही, त्यामुळे कंट्रोलर लागतोच, आणि त्याचा सेन्सर हवेत लटकत ठेवू नका, बादलीच्या अंगाला चिकटवून वर फोमचा तुकडा लावा.

तीन दिवस एअरलॉक (झाकणावरची गॅस बाहेर सोडणारी नळी) ढिम्म. मग कुजक्या अंड्यासारखा वास, तो लागरला येतोच, घाबरू नका (मी घाबरलो होतो). मग छान बुडबुडे. आणि १६व्या दिवशी ग्रॅव्हिटी मोजायचा हायड्रोमीटर १.०२० वर. १८व्या दिवशी १.०२०. २१व्या दिवशी पण १.०२०!! मला वाटलं हायड्रोमीटरच बिघडला, साध्या पाण्यात तपासला तर बरोबर १.०००. नमुन्यातले गॅसचे बुडबुडे त्याला वर उचलतात म्हणून गोल फिरवून पण पाहिला, काही फरक नाही. चव गोडूस आणि मागे लोण्याचा वास, म्हणजे डायअॅसिटाइल. रोज ऑफिसातून आलो की आधी फ्रिज उघडायचो, बायको म्हणाली आत पाहुणा ठेवलायस का.

बाटल्यांत भरून टाकावं असं शंभरदा मनात आलं. पण उरलेली साखर बाटलीत आंबायला लागली की बाटल्या फुटतात, काचेच्या, त्यामुळे हात आवरला. शेवटी कंट्रोलर १८ वर नेला आणि झाकण न उघडता बादली हलकेच गोल फिरवून तळाला बसलेलं यीस्ट वर आणलं. जोरात ढवळायचं नाही हं, हवा मिसळली की बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. दोन दिवसांनी १.०१६, पाच दिवसांनी १.०११, पुढचे तीन दिवस तिथेच. लोण्याचा वास गायब! यीस्ट उबेत आलं की डायअॅसिटाइल स्वतःच खाऊन टाकतं, त्यामुळे हे १८ वर नेणं अडकल्यावर नाही, १.०२० च्या आसपास आल्यावर दरवेळी करायचं. एवढी एक ओळ त्या पत्रकात लिहायला काय जात होतं?

हिशोबाने साधारण ४.६ टक्के अल्कोहोल. बाटलीत लिटरला ७ ग्रॅम साखर, दोन आठवडे खोलीच्या तापमानाला, मग पाच आठवडे फ्रिजमध्ये २ डिग्रीवर. हां, नमुना काढला की परत बादलीत ओतू नका, पिऊन टाका.

पहिली बाटली उघडली तेव्हा स्वच्छ, सोनेरी, लोणी नाही, अंडं नाही. फेस तेवढा लगेच बसला, बहुतेक ग्लासला साबण राहिला होता.