तुम्ही विचारलेत म्हणून : आर्मेनियाचे एकच नाव घ्यायचे तर

आर्मेनियन संगीताविषयी कुठेही बोललो, की शेवटी कोणीतरी हमखास विचारते, "या देशाच्या इतिहासातील सर्वांत प्रभावी व्यक्ती कोण? एकच नाव सांगा." विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एखादा राजा असतो, आणि तसे राजे झालेही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात दुसऱ्या तिग्रानने कॅस्पियनपासून भूमध्य समुद्रापर्यंत राज्य पसरवले. ते त्याच्या हयातीतच आकसले. परंपरेने ३०१ मानल्या गेलेल्या वर्षी ग्रिगोर या धर्मगुरूच्या प्रभावाने राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ४०५ च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्सने ३६ अक्षरांची लिपी घडवली आणि थोड्याफार भरीसह तीच आजही चालते. परीक्षेत हा प्रश्न आला तर माश्तोत्स हेच उत्तर लिहावे, पूर्ण गुण मिळतील. मी मात्र कोमितास वार्दापेतचे नाव घेतो.

त्यांचे मूळ नाव सोगोमोन सोगोमोन्यान. १८६९ मध्ये ऑटोमन साम्राज्यातील क्युताह्या गावी त्यांचा जन्म झाला. तेथील आर्मेनियन कुटुंबांत तुर्की बोलली जात असे, त्यामुळे ज्यांनी पुढे आर्मेनियन संगीत म्हणजे काय हे जगाला दाखवले, त्यांना लहानपणी आर्मेनियन भाषा येतच नव्हती. आईवडील लवकर गेले. १८८१ मध्ये गोड गळ्याचा एक अनाथ मुलगा हवा म्हणून त्यांना आर्मेनियन चर्चच्या मुख्य पीठात, एच्मियाद्झिनला नेण्यात आले. तिथे सर्वोच्च धर्मगुरू चौथे गेवोर्ग आर्मेनियनमध्ये बोलले, तेव्हा मुलाने सांगितले की ही भाषा मला येत नाही, हवे तर गातो. आणि अर्थ न समजता पाठ केलेले एक प्रार्थनागीत त्याने असे गायले की त्याला ठेवून घेण्यात आले. पुढे दीक्षेच्या वेळी सातव्या शतकातील एका कवी-धर्मगुरूचे कोमितास हे नाव त्यांना मिळाले. 'वार्दापेत' ही विद्वान संन्यासी धर्मगुरूची पदवी आहे.

१८९६ ते १८९९ ही वर्षे त्यांनी बर्लिनमध्ये पाश्चात्त्य संगीतशास्त्र शिकण्यात घालवली. परत येऊन ते जे करू लागले, त्यासाठी मी त्यांचे नाव घेतो. खेडोपाडी जाऊन शेतकऱ्यांची गाणी ते जागच्या जागी टिपून घेत. त्यासाठी हाम्बार्त्सुम लिमोन्जान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इस्तंबूलमध्ये तयार केलेली चिन्हांची स्वरलिपी ते वापरत, कारण गाणारा थांबत नसतो आणि पाच रेघांवर मांडत बसायला तेवढी सवड नसते. युरोपीय स्वरलेखन नंतर, निवांतपणे. अशी सुमारे ३००० गाणी जमली असे म्हणतात. कुर्दी गाण्यांचे संकलनही त्यांनी प्रसिद्ध केले, हे अनेक अभिमानी लेखांतून गळते.

लोरी प्रांतातील वार्दाब्लूर गावच्या नांगरणीच्या गाण्यावर त्यांनी लिहिलेला अभ्यास मला सर्वांत मोलाचा वाटतो. हे गाणे आपल्या भलरीच्या जातीचे आहे. त्यात चाल आणि बैलांना दिलेल्या हाका वेगळ्या काढता येत नाहीत. कोमितास त्यातील प्रत्येक हाक कामाच्या कोणत्या क्षणी येते ते पाहतात. जे गाणे कामातून जन्मते ते कामाबाहेर काढून नीट समजत नाही, ही त्यांची भूमिका होती.

या ऐकण्यातूनच त्यांना रचनेचे सूत्र सापडले. आपल्या कानाला षड्जापासून तार षड्जापर्यंत सप्तक पुरे होण्याची सवय आहे. आर्मेनियन गाण्यात मात्र चार-चार स्वरांचे तुकडे एकमेकांत गुंतलेले असतात आणि एका तुकड्याचा शेवटचा स्वर हाच पुढच्याचा पहिला असतो. अशा चालीवर युरोपीय स्वरमेळ जसाच्या तसा लादला तर ती गुदमरते. कोमितास यांनी तो लादला नाही. चालीच्या आतूनच साथ उभी केली, जागा मोकळ्या ठेवल्या, आणि १९०६ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचे संगीत सादर झाले तेव्हा देब्युसीसारखा रचनाकारही भारावला.

घरच्यांना मात्र हे सगळे रुचले असे नाही. प्रार्थनासंगीत नाट्यगृहात गायल्याबद्दल सनातनी धर्मगुरू त्यांच्यावर खवळले. आणि एक गोष्ट त्यांच्या चाहत्यांना सांगितलेली आवडत नाही : बऱ्याच चर्चमध्ये रविवारी जो पूजाविधी गायला जातो, तो कोमितास यांचा नसून त्यांना काही काळ शिकवणाऱ्या माकार येकमाल्यान यांचा असतो. माझ्या मते कोमितास यांची रचना अधिक खोल आहे, पण अधिक अवघडही आहे.

२४ एप्रिल १९१५ रोजी इस्तंबूलमध्ये आर्मेनियन लेखक, वकील, डॉक्टर अशा दोनशेहून अधिक जणांची धरपकड सुरू झाली; कोमितास त्यांत होते. त्यांना चान्करीला हद्दपार करण्यात आले आणि काही आठवड्यांत मध्यस्थीमुळे परत आणण्यात आले. त्याच वर्षी दानियेल वारुझान आणि सियामान्तो हे कवी मारले गेले. कोमितास जगले, पण मनाने मोडले. १९१९ मध्ये त्यांना फ्रान्सला हलवण्यात आले आणि १९३५ मध्ये पॅरिसजवळच्या व्हिलज्वीफ येथील मनोरुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. दरम्यान कागद पांगले होते. जमवलेल्या गाण्यांपैकी साधारण १२०० उरली. खाझ नावाच्या मध्ययुगीन आर्मेनियन स्वरचिन्हांचा उलगडा करण्यासाठी त्यांनी अनेक वर्षे घातली होती. त्याची टिपणेही बव्हंशी गेली आणि ती चिन्हे आजही पूर्णपणे वाचता येत नाहीत.

यानंतरचा प्रश्न असतो, ऐकायचे कुठून? १९१२ च्या सुमारास पॅरिसमध्ये केलेल्या ध्वनिमुद्रिकांत आर्मेनाक शाहमुराद्यान गातात आणि पियानोवर स्वतः कोमितास आहेत. खरखर पुष्कळ आहे. पहिल्यांदा गायकाकडे लक्ष न देता फक्त पियानो ऐकावा, आणि तो कुठे कुठे वाजतच नाही ते मोजावे.