छपाई बिघडलीय का?

"छपाई बिघडलीय का गं ही?" आईने भर म्युझियममध्ये खणखणीत आवाजात विचारलं.

समोर जर्मन चित्रकार जिगमार पोल्केचं 'मैत्रिणी'. १९६७ सालचं ऑफसेट प्रिंट. मासिकातल्या फोटोवरून उचललेल्या, पोहण्याच्या पोशाखातल्या दोन तरुणी. लांबून अगदी जाहिरातीतल्या. जवळ जावं तर डोळे, ओठ, सगळं विरघळतं आणि उरतात नुसते ठिपके. काही फुगलेले, काही एकमेकांत सांडलेले. आई चष्मा वरखाली करत राहिली. बाई काही सापडेना.

आईचा प्रश्न तसा नेमकाच होता म्हणा. वर्तमानपत्री छपाईतली ठिपक्यांची जाळी आणि तिच्यातले दोष, पोल्केने आयुष्यभर हेच तर मोठं करून दाखवलं. १९४१ चा जन्म, १९४५ मध्ये सायलेशियातून (तेव्हा जर्मनीत, आता बहुतांश पोलंडमध्ये) कुटुंबासह पळ, १९५३ मध्ये पूर्व जर्मनीतून पश्चिमेत. आधी एका राजवटीची पोस्टर्स, मग दुसरीकडच्या चकचकीत जाहिराती. अशा पोराने छापील चित्रावर विश्वास तरी का ठेवावा? १९६३ मध्ये गेरहार्ड रिश्टर वगैरे चित्रकार मित्रांसोबत त्याने आपल्या कलेला 'भांडवलशाही वास्तववाद' असं, पूर्वेकडच्या सरकारी 'समाजवादी वास्तववादा'ला चिमटा काढणारं खवचट नाव काढलं, ते उगाच नाही.

बाहेर पडताना आई म्हणाली, "लांबूनच बऱ्या दिसतात त्या."

आता सांगा, बायकांबद्दल म्हणाली की जाहिरातींबद्दल?