खोलीच्या बदल्यात मदत: आधी तास ठरवा

घरात एकटं ज्येष्ठ माणूस, एक खोली रिकामी. शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला राहायला जागा हवी. भाडं नको, घरकामात हातभार लाव, असं ठरतं. चांगली व्यवस्था आहे ही, पण बऱ्याचदा मोडते ती दोन शब्दांपायी: ‘लागेल तशी’. लागेल तशी म्हणजे किती, हे दोघांनी वेगवेगळं धरलेलं असतं.

जर्मनीत यासाठी सोपा हिशेब रूढ आहे. खोलीच्या दर चौरस मीटरमागे महिन्याला एक तास मदत. खोली 12 चौरस मीटरची असेल तर महिन्याला 12 तास, म्हणजे आठवड्याला जेमतेम पावणेतीन तास. वीज, पाणी, गॅसचा वाटा वेगळा द्यायचा. आंघोळ घालणं, औषधं देणं, उचलून बसवणं यात धरत नाहीत, आणि ते अगदी बरोबर आहे. त्याला शिकलेलं माणूस लागतं. चुकीचं उचललं तर दोघंही पडतात.

तास खातात ती बारीकसारीक कामं. ‘जरा मोबाइल बघतोस का?’, ‘वरचा डबा काढून दे ना.’ दहा-दहा मिनिटांची अशी चार कामं रोज निघाली, की आठवड्याला साडेचार तासांच्या वर जातात. मागणाऱ्याला वाटतं काहीच सांगितलं नाही, करणाऱ्याला वाटतं दिवसभर हाका येतात. दोघांचंही खरं असतं. म्हणून फ्रिजवर एक कागद लावा. सुचेल ते काम आजींनी त्यावर लिहायचं आणि ठरलेल्या वेळी, समजा संध्याकाळी सहाला, सगळी एकदम उरकायची. शेजारी वहीत तारीख, काम, मिनिटं. ओळख वाढली की वही लिहायला संकोच वाटू लागतो, तरी ती बंद करू नका.

खरेदीसाठी वेगळं पाकीट ठेवा, पावत्या त्यातच. एटीएमचा पिन कधीही सांगायचा नाही, कितीही विश्वास असला तरी.

पहिले चार आठवडे चाचणीचे धरा. पाहुणे, बाथरूमची वेळ, महिन्यात किती रात्री बाहेर राहिलं तर चालेल, सगळं लिहून दोघांच्या सह्या घ्या. सोडायचं झालं तर एक महिना आधी लेखी कळवायचं. परीक्षेच्या महिन्यात तास कमी पडले तर ते पुढच्याच महिन्यात भरून काढायचे. त्याहून लांबले की फिटत नाहीत.