डबल स्टँड

घरगुती घटना अहवालाच्या नमुन्यात मुलांसाठी छोटीशी जागा असते : नाव, वय, सध्या कोणाकडे राहतात. त्या बाईंचा अहवाल भरताना मी लिहिलं, मुलगा ९, मुलगी ४, दोघंही आईकडे. मारहाण, शिवीगाळ, पगार काढून घेणं, सगळ्या खुणा करून झाल्या. मुलांना मारतो का, विचारलं. "नाही हो मॅडम, पोरांना कधी बोट लावलं नाही." मी पुढच्या रकान्यावर गेले.

कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालची संरक्षण अधिकारी म्हणून तोवर असे कितीतरी अहवाल भरले होते. हात आपोआप चालतो.

दोन दिवसांनी घर बघायला गेले. नवरा कामावर होता. दारातच स्कूटी साइड स्टँडवर कलती केली. आत पडवीत मुलगा गृहपाठ करत होता. स्टँडचा खटका झाला, त्यानं वही मिटली, बहिणीचं मनगट धरलं आणि माझ्याकडे न बघताच मागच्या दारानं निघून गेला. ती पोरगीही रडली नाही, की कुठं जायचं म्हणून विचारलं नाही.

बाई ओशाळल्या. "शुद्धीत असले की गाडी डबल स्टँडला लावतात. पिऊन आले की ओढवत नाही, मग साइडला टाकतात. खटका ऐकला की हा हिला घेऊन मागच्या काकूंकडे जातो. आम्ही नाही शिकवलं, त्याचं त्यानंच ठरवलंय."

रात्री मी अहवालाला पुरवणी जोडली. दीड पान, सगळं त्या खटक्याबद्दल.

अर्ज आल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली तारीख आणि त्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल, असं २००५ चा हा कायदा म्हणतो. त्यातल्या साठावर आमच्या कोर्टाच्या व्हरांड्यात कुणीही हसेल. पण अंतरिम अर्जावर युक्तिवाद लगेच झाला. सामनेवाल्याचे वकील तयारीचे होते. या कायद्यात पीडित व्यक्ती म्हणजे स्त्री, मुलगा कुठून आला? त्याच्या अंगावर एक ओरखडा दाखवा. बापानं शाळेतही जायचं नाही म्हणजे काय? कायद्याच्या शब्दांपुरतं त्यांचं अगदीच चूक नव्हतं. कलम १८ मध्ये शाळेचा उल्लेख आहे, पण तो पीडित व्यक्तीच बालक असेल तेव्हाचा.

मॅजिस्ट्रेट मॅडमनी माझी पुरवणी दोनदा वाचली. कलम १६ खाली सुनावणी बंद दाराआड घेतली आणि मुलाला चेंबरमध्ये बोलावलं. मी बाहेर थांबले. तो बाहेर आला तेव्हा हातात पार्ले-जीचा पुडा होता, न फोडलेला. बहिणीसाठी.

आदेशात त्यांनी कलम १८ चं शेवटचं पोटकलम वापरलं. आदेशात नमूद केलेलं इतर कोणतंही कृत्य करायला त्या पोटकलमानं मनाई करता येते. त्याखाली शाळेत पाऊल टाकायला आणि मुलांशी संपर्क साधायला बंदी घातली. कलम १९ खाली त्याला घराबाहेर राहायला सांगितलं. कलम २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबा आईकडे दिला. बापानं मागितलेली भेट मुलांच्या हिताला बाधक ठरेल म्हणून तूर्त नाकारली.

प्रत घेऊन मी शाळेत गेले. मुख्याध्यापिकांनी ती कपाटात ठेवून कुलूप लावलं. मी ती परत काढायला लावली आणि फाटकावरच्या मामांना वाचून दाखवली. मामांनी नेमकं विचारलं, "फाटकाच्या आत नाही, बरोबर. आणि समोरच्या रस्त्यावर?" आदेशात रस्ता नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात मामांचा फोन आला. बाप समोरच्या टपरीपाशी अर्धा तास उभा होता, बोलला काहीच नाही, शाळा सुटल्यावर निघून गेला. आदेशाचा भंग म्हटलं तर कलम ३१, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण हा भंग होता का? संध्याकाळी घरी जाऊन मुलाला विचारलं, बाबा दिसले का.

"दिसले." थोडा वेळ तो पेन्सिलीचं टोक खरवडत राहिला. "गाडी डबल स्टँडला लावली होती. मग मी जाऊ का त्यांच्याकडे?"

तारीख अजून बावीस दिवसांवर होती. मी दोन्ही गोष्टी लिहिल्या. टपरी वरती, त्याचा प्रश्न खाली, त्याच्याच शब्दांत.