ऑइल फिल्टर: डब्याचा रंग सोडा, आतलं रबर बघा

बाहेरून बघितलं तर गाड्यांचे ऑइल फिल्टर सगळे एकाच साच्यातले वाटतात. पत्र्याचा डबा, तोंडाशी जाड चकती, तिच्या खोबणीत रबरी रिंग. पण पैसे आतल्या मालाचे द्यायचे असतात, आणि त्या मालात बहुतेक वेळा आधी दगा देतं ते रबर.

चकतीच्या मधोमध आट्यांचं भोक असतं, त्याभोवती बारीक भोकं. त्यांतून डोकावलं की आत रबरी पडदा दिसतो. इंजिन बंद झाल्यावर डब्यातलं ऑइल परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, उतरू नये, एवढंच त्याचं काम. फिल्टर आडवा बसत असेल तर हा पडदा चांगलाच हवा. स्वस्त मालात तो नायट्राइल नावाच्या रबराचा असतो. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट भरल्या गाडीने चढताना ऑइल 100 अंशांच्या पुढे जाऊ शकतं. रोज असं तापलं की नायट्राइल कडक होतं, कड उचलते आणि रात्रीत डबा रिकामा होतो. मग सकाळी स्टार्टर मारल्यावर ऑइलचा दिवा विझायला दोन-तीन सेकंद जास्त लागतात, वरून टकटक ऐकू येते. तेवढा वेळ बेअरिंगला दाबाने ऑइल मिळत नाही. सिलिकॉनचं रबर 200 अंशांच्या आसपासही मऊ राहतं. ते बहुधा केशरी असतं, पण नुसत्या रंगावर जाऊ नका. स्वच्छ काडीने हलकं दाबा, पडदा लगेच जागेवर यायला हवा.

ऑइल गाळणारा आतला घड्यांचा कागद म्हणजे रेझिन पाजलेला सेल्युलोज. उष्णतेने तो ठिसूळ होतो, पाण्याने मऊ पडतो. पावसाळ्यात साताऱ्यातल्या साताऱ्यात, पोवई नाका ते राजवाडा एवढीच गाडी फिरली तर ऑइल पुरतं तापत नाही, त्यातलं पाणी उडत नाही, म्हणून किलोमीटर कमी झाले तरी फिल्टर वर्षाला बदलाच. काचतंतूंचा फिल्टर दोन्ही सोसतो, महाग पडतो. घड्या जास्त म्हणजे माल चांगला, हेही खरं नाही. एकमेकींना चिकटलेल्या घड्यांतून ऑइल जातच नाही. टोकाच्या टोप्या पुठ्ठ्याच्या असल्या तरी चालतात, पण डिंक सुटला की ऑइल न गाळताच पुढे जातं. बायपासची, म्हणजे कागद तुंबला तर ऑइलला थेट वाट देणाऱ्या झडपेची, स्प्रिंग ढिली असली तरी तोच प्रकार.

बसवताना जुनी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, ते बोट फिरवून बघा. दोन रिंगा एकावर एक आल्या की दाबाने ऑइल बाहेर फेकलं जातं. नव्या रिंगेला ऑइल लावा, ती टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा आवळा. डब्यावर वेगळा आकडा छापला असेल तर तो पाळा.

काढलेला फिल्टर रात्रभर पालथा ठेवून निथळू द्या, मग चकतीजवळ कापा. हॅक्सॉ वापरलात तर त्याचा कीस इंजिनाचा समजू नका. कागद शिकंज्यात पिळून उन्हात पसरा आणि वरून चुंबक फिरवा. चिकटलं ते लोखंड. न चिकटता चमकणारे कण दिसले तर बेअरिंग आणि पिस्टनची तपासणी पुढच्या सर्व्हिसवर ढकलू नका.