तुम्ही विचारलंत म्हणून: जोंगजोने सूड का घेतला नाही?

कोरियाच्या इतिहासावर मी बोलायला लागले की एक प्रश्न हमखास येतो. मालिका पाहून आलेल्यांकडून तर येतोच येतो. "ज्या मुलाच्या बापाला तांदळाच्या पेटीत कोंडून मारलं, तोच पुढे राजा झाला ना? मग त्याने सगळ्यांचा सूड का नाही घेतला?" उभ्या-उभ्या दिलेल्या उत्तराने माझंच समाधान होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी घडलं काय ते. 1762 चा उन्हाळा. जोसोन घराण्याचा राजा योंगजो याने आपल्या मुलाला, युवराज सादोला, तांदूळ साठवायच्या लाकडी पेटीत शिरायला लावलं. आठव्या दिवशी सादोचा अंत झाला. वय 27. सादोचं मन वर्षानुवर्षं बिघडत गेलं होतं आणि त्याच्या हातून राजवाड्यातली माणसं मारली गेली होती, हे त्याच्या बायकोनेच, ह्येग्योंगने, पुढे आठवणींत लिहून ठेवलंय. त्यामुळे या प्रकरणाला निव्वळ दरबारी कारस्थान म्हणणं मला पटत नाही. पण दरबारात वरचढ असलेल्या नोरोन गटातले अनेक जण सादोच्या विरोधात होते, हेही तितकंच खरं.

सादोचा मुलगा यी सान तेव्हा दहा वर्षांचाही नव्हता. दरबारच्या बखरीत नोंद आहे: पोर आत आलं, टोपी आणि झगा उतरवून बापाच्या मागे जमिनीवर पालथं पडलं. आजोबाने त्याला उचलून बाहेर न्यायला लावलं. गादीला वारस तर हवा, पण शिक्षा झालेल्या माणसाचा मुलगा कसा चालेल? म्हणून लहानपणीच वारलेला सादोचा थोरला भाऊ होता, त्याला हा मुलगा कागदोपत्री दत्तक दिला गेला.

आता 1776. आजोबा थकले होते. सानने त्यांना विनंती केली, की दरबारच्या रोजनिशीतला वडिलांच्या त्या दिवसांचा मजकूर नाहीसा करावा. आजोबांनी मान्यता दिली आणि ती पानं पाण्यात धुऊन काढली गेली. महिन्याभरातच योंगजो वारला आणि सान गादीवर बसला. इतिहास त्याला जोंगजो म्हणून ओळखतो. गादीवर बसताच तो दरबारासमोर म्हणाला, मी युवराज सादोंचा मुलगा आहे.

मालिका इथे थांबतात आणि संगीत वाजतं. पण तो पुढेही बोलला होता, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. हे निमित्त करून कुणी सादोंना मरणोत्तर राजपद देण्याचा विषय काढला, तर त्याला कायद्याप्रमाणे शिक्षा होईल, असंही त्याने त्याच भाषणात बजावलं. बापाचं नाव तर घेतलं, पण आजोबांचा शब्द, म्हणजे दत्तकाचा निर्णय, मोडला नाही. मोडला असता तर ज्या शब्दावर आपण गादीवर बसलो तोच खोटा ठरला असता. शिवाय आईचं माहेर होतंच. तिचे वडील होंग बोंग-हान सादोच्या मृत्यूच्या वेळी मोठ्या पदावर होते आणि त्यांच्यावरही बोटं रोखली जात होती. जुना हिशेब काढायचा म्हटला तर आजोळच आधी भाजून निघालं असतं. त्याने कुणालाच हात लावला नाही असं मात्र नाही. मोजक्यांना कठोर शासन झालं. गादीच्या आड आलेला आईचा सावत्र काका जिवाला मुकला. 1777 मध्ये जोंगजो रात्री वाचत बसलेला असताना मारेकरी थेट छपरावर चढले होते, त्यांचीही गय केली नाही. बाकीच्यांना त्याने दरबारात ठेवलं आणि त्यांच्याकडून काम करून घेतलं.

कसं करून घेतलं, ते 2009 मध्ये जगाला कळलं. नोरोन गटातला त्याचा मोठा विरोधक म्हणजे शिम ह्वान-जी. राजाने त्याला 1796 ते 1800 या काळात लिहिलेली सुमारे 300 गुप्त पत्रं उजेडात आली. दरबारात काय बोलायचं, राजीनामा कधी द्यायचा, हे सगळं राजा आधी कळवत होता! पत्रं नष्ट कर असं सांगूनही शिमने ती जपून ठेवली. याच पत्रांमुळे मला हा राजा जवळचा वाटतो. भर दरबारात शास्त्रवचनं सांगणारा हा विद्वान पत्रांत चक्क शिव्या देतो. एका तरुण पंडिताला तर, तोंडाला अजून दुधाचा वास येतोय आणि चाललाय शिकवायला, अशा थाटात झोडपतो. राग मेला नव्हता. पहाटेपर्यंत कागदावर उतरत होता.

आणि दगडातही उतरला. 1789 मध्ये त्याने वडिलांची कबर सुवनजवळ हलवली आणि 1794 ते 1796 मध्ये तिथे ह्वासोंगचा किल्ला बांधला. साडेपाच किलोमीटरहून लांब तट. जोंग याग-योंग या तरुण अधिकाऱ्याने त्यासाठी कप्प्यांचं यंत्र बनवलं, त्यामुळे मोठे दगड थोड्या माणसांत उचलता आले. मजुरांना वेठीला न धरता रोख मजुरी दिली. उन्हाचा कडाका वाढला तेव्हा राजाने उष्म्यावरच्या औषधी गोळ्या पाठवल्या. बांधकामाचा जो तपशीलवार ग्रंथ निघाला त्यात कारागिरांची नावं आहेत, अगदी 'थोरला गडी', 'धाकटा गडी' छापाची, कारण त्या गरिबांना दुसरी नावंच नव्हती. युद्धांत पडझड झालेला तट 1970 च्या दशकात याच ग्रंथावरून पुन्हा उभारला गेला. 1795 मध्ये आईच्या साठीला तो तिला घेऊन आठ दिवसांच्या यात्रेला निघाला, हान नदीवर नावा जोडून पूल केला. आई-वडील एकाच वर्षी जन्मलेले, म्हणजे ती साठी वडिलांचीही होती.

त्याची एक गोष्ट मला अजिबात आवडत नाही. नव्या, मोकळ्या गद्यावर त्याने डोळे वटारले आणि पाक जी-वॉनसारख्या अस्सल लेखकाला जुन्या शैलीत प्रायश्चित्ताचं लिहायला सांगितलं. पत्रांत स्वतः इतका मोकळा असलेल्या माणसाने हे करावं, याचं वाईट वाटतं.

1800 मध्ये गळवांच्या दुखण्याने तो गेला, वय 47. विषप्रयोगाची कुजबुज आजही होते, पण पत्रांत त्याने आपल्या आजारपणाचं वर्णन केलंय, ते वाचून मला ती खरी वाटत नाही. पुढच्याच वर्षी जोंग याग-योंग हद्दपार झाला, तो 18 वर्षांसाठी. आणि सादोला राजपद मिळालं ते थेट 1899 मध्ये, सम्राट गोजोंगच्या हातून.